तीस टक्क्यांचा भागीदार: सांगलीतल्या एका हळद कंपनीचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका हळद प्रक्रिया कंपनीचं आहे. मी सीए म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात होतो. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि आकडे प्रमाण राखून बदलले आहेत. परदेशी भागीदार घ्यावा की कंपनी विकून मोकळं व्हावं, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत येऊन ठेपलाय. द्राक्ष-बेदाण्यात आहे, फाउंड्रीत आहे, साताऱ्याकडच्या इंजिनिअरिंग कारखान्यांतही आहे. यावर फारसं कुणी मोकळेपणानं बोलत नाही, म्हणून हे सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

कंपनीचं मूळ १९७८ सालच्या एका अडत दुकानात आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांनी ते सुरू केलं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायची, भाव आला की पेव उघडायचं, असा त्या काळचा धंदा. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं निकामी झाली, त्यात यांचीही गेली. त्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, धाकट्या मुलानं कुपवाड एमआयडीसीत हळद दळायची गिरणी टाकली होती. १९९६ मध्ये तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. २००६ पासून पावडर युरोपात जाऊ लागली.

थोरल्या भावाला आपण अण्णा म्हणू, धाकट्याला बापू. अण्णा खरेदी बघतात आणि वडिलांचं अडत दुकान आजही स्वतःच्या नावावर चालवतात. बापू कारखाना आणि निर्यात बघतात. अण्णांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो परत येणार नाही हे घरानं स्वीकारलंय. बापूंची मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकून आली आणि सहा वर्षं कंपनीची प्रयोगशाळा सांभाळते आहे. दोघा भावांना एक बहीण, आक्का. त्या कराडला असतात, सहकारी बँकेतून निवृत्त झाल्या. आक्कांचं नाव या प्रकरणात पहिले आठ महिने कुणी काढलंच नाही. मीही नाही.

२०२३-२४ ची उलाढाल साधारण ८० कोटी होती. बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे मालखरेदीसाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा २८ कोटी, मुदत कर्ज ४ कोटी.

अडचण कुठं आली

दोन गोष्टी एकाच वेळी आल्या.

पहिली हळदीच्या भावाची. २०२३ च्या सुरुवातीला क्विंटलला सहा-सात हजारांवर असलेली हळद ऑगस्टपर्यंत वायदे बाजारात पंधरा हजारांच्या पुढे गेली. ज्याच्याकडे जुना माल होता त्याची चांदी झाली, यांचीही झाली. पण पुढच्या हंगामाचं काय? हळदीची आवक मुख्यतः फेब्रुवारी ते मे. कंपनी त्या चार महिन्यांत वर्षाची निम्मी खरेदी करून ठेवते. जी खरेदी पूर्वी १९-२० कोटींत व्हायची तिला आता ३८-४० कोटी लागणार होते, आणि बँकेची मर्यादा तेवढीच होती. शेतकऱ्याला आणि अडत्याला वेळेवर पैसे देणं ही या घराची ४५ वर्षांची पत. ती पहिल्यांदा ताणली जाणार होती.

दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. मसाल्यातले जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड वायू वापरायची जुनी पद्धत युरोपात चालत नाही. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात या वायूचा अंश सापडला आणि तिथं बाजारातून माल परत घेण्याची लाट आली. त्यानंतर तिथले खरेदीदार प्रत्येक मसाल्याकडे त्याच नजरेनं बघू लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं याच वायूच्या कारणावरून भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर कारवाई केली, तेव्हा उरलासुरला ढिलेपणाही संपला. आता लागतो तो वाफेवर चालणारा निर्जंतुकीकरणाचा प्लांट. त्याचा अंदाज १४ कोटींचा आला. तो नाही बसवला तर युरोपचे ग्राहक एकेक करून जाणार, हे बापूंना दिसत होतं.

समोर आलेले पर्याय

कर्ज हा पहिला पर्याय. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, पण १४ कोटींच्या प्लांटपुढे तिचा आधार तोकडा होता. बँक मुदत कर्जाला तयार होती, मात्र त्याच कर्जाकडे बोट दाखवून कॅश क्रेडिट वाढवायला तयार नव्हती. प्लांट येईल आणि हळद घ्यायला पैसे उरणार नाहीत, अशी अवस्था झाली असती.

दुसरा पर्याय मुंबईतल्या एका गुंतवणूक फंडाचा, ज्यात पैसा परदेशी होता. त्यांना ३० टक्के हिस्सा हवा होता, रोजच्या कारभारात लक्ष घालायची इच्छा नव्हती. पण पाच वर्षांत बाहेर पडायचं होतं. परदेशी गुंतवणूकदाराला शेअर परत घेताना ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही, हा फेमा या परकीय चलन कायद्याखालचा नियम आहे. फंडालाही तो ठाऊक होता, म्हणून त्यांनी वेगळी अट घातली: पाच वर्षांत खरेदीदार मिळाला नाही तर अख्खी कंपनी विकायला काढण्याचा अधिकार आम्हाला हवा. इंग्रजी मसुद्यात ते एक छोटं कलम होतं. मी बापूंना सांगितलं की या कलमावर सही करणं म्हणजे २०२९ मध्ये कंपनी विकायचं आजच ठरवणं आहे. तो पर्याय तिथंच संपला.

तिसरा प्रस्ताव युरोपातल्या एका मसाला-घटक कंपनीचा. गेली नऊ वर्षं ती यांची ग्राहक. पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेली, शांत चालीची माणसं. त्यांना ५१ टक्के हवे होते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी उरलेले ४९ टक्के किमतीच्या ठरलेल्या सूत्रानुसार घ्यायचा हक्क.

चौथा पर्याय पूर्ण विक्रीचा. तो कागदावर कुणी लिहिला नव्हता. पण अण्णा एकदा रात्री साडेनऊला फोन करून मला म्हणाले, "सगळंच देऊन टाकलं तर कसं? पोरगं काय येणार नाही माझं." त्या आवाजात थकवा होता आणि तो खरा होता. अशा वेळी सल्लागारानं आकडेमोड सुरू करू नये. मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो.

मसाल्याच्या धंद्यातली दोन उदाहरणं बैठकीत बऱ्याचदा निघाली. बंगळुरूची एमटीआर २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्लानं घेतली. केरळच्या ईस्टर्न कॉन्डिमेंट्समध्ये अमेरिकेच्या मॅककॉर्मिकनं २०१० मध्ये २६ टक्के घेतले होते. दहा वर्षांनी ऑर्क्लानं तिथं ६७.८ टक्के घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात मॅककॉर्मिकचे ते २६ टक्केही होते. बापूंनी यातून 'ब्रँड टिकतात' असा अर्थ काढला. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. आपण ज्याला भागीदार म्हणून निवडतो तो दहा वर्षांनी आपला हिस्सा तिसऱ्याला देऊन निघून जाऊ शकतो. मग आपल्या टेबलाशी बसणारा माणूस कोण असेल, हे आजच कलमात लिहून ठेवावं लागतं.

पाहुणे यार्डात आले तेव्हा

फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपातल्या त्या ग्राहक कंपनीचे दोघे जण सांगलीला आले. कारखाना पाहिला, प्रयोगशाळा पाहिली, बापूंच्या मुलीशी दोन तास बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना यार्डातले हळदीचे सौदे बघायचे होते.

अण्णांनी पोत्यातून एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. खणकन् आवाज आला. मोडलेली बाजू उन्हात धरून त्यांनी रंग पाहिला, नख लावून पाहिलं आणि पोतं बाजूला घ्यायला सांगितलं. पुढच्या पोत्यातलं हळकुंड मोडलं तेव्हा आवाज दबका आला. ओल आहे, नको. असे चाळीसएक लॉट त्यांनी पाऊण तासात पाहिले. एकही आकडा लिहिला नाही. दुपारी प्रयोगशाळेत त्यातल्या दहा नमुन्यांचा ओलावा मोजला, तर अण्णांचा एकही निवाडा चुकला नव्हता.

पाहुण्यांपैकी वयस्कर गृहस्थांनी मनापासून दाद दिली. मग विचारलं, हे तुमच्यानंतर कोण करणार?

अण्णा काही बोलले नाहीत. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करत होतो, त्यामुळे माझ्याकडे भाषांतर करायलाही काही नव्हतं. कंपनीची खरी मालमत्ता कुठं आहे ते त्या क्षणी उघड झालं. ताळेबंदात गिरण्या होत्या, गोदाम होतं, माल होता. अण्णांचा कान नव्हता.

किमतीचा घोळ

मार्चमध्ये प्रस्ताव आला. त्यात कंपनीचं मूल्य ६४ कोटी धरलं होतं. बापूंनी त्याच संध्याकाळी हिशोब केला: ५१ टक्के म्हणजे ३२ कोटींच्या वर. घरात ती रक्कम फिरली, आणि पुढचे दोन महिने आम्ही ती लोकांच्या डोक्यातून काढत बसलो.

६४ कोटी हे धंद्याचं मूल्य होतं, कर्जासकट. वर्षाचा व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीचा नफा ११.५ कोटी होता. पाहुण्यांनी त्यातून भाववाढीमुळे जुन्या मालावर सुटलेले ३ कोटी वजा केले, कारण तशी भाववाढ दरवर्षी होत नाही. भाऊ नाममात्र पगार घेत होते. त्यांच्या जागी पगारी माणसं ठेवली तर लागणारे ५० लाख त्यांनी वजा केले. राहिले ८ कोटी. धंद्याचं मूल्य त्याच्या आठपट धरलं, ८ गुणिले ८. त्या ६४ मधून निव्वळ कर्ज गेलं की उरतं ते भागधारकांचं.

आता कर्ज किती धरायचं? इथं हंगामी धंद्याची मेख आहे. यांचं कर्ज मे अखेरीस ३१ कोटींवर जातं, कारण गोदाम भरलेलं असतं. जानेवारीत तेच १३ कोटींवर येतं, कारण गोदाम रिकामं असतं. मसुद्यात 'व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीचं कर्ज' असं लिहिलं होतं. म्हणजे व्यवहार मेमध्ये पूर्ण झाला असता तर घराच्या वाट्यातून जानेवारीपेक्षा १८ कोटी जास्त वजा झाले असते, आणि गोदामातला माल मात्र भागीदाराला फुकट मिळाल्यासारखा झाला असता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचा धंदा बारमाही आहे, त्यांच्या नमुना करारात हे असंच असतं. आम्ही बारा महिन्यांची सरासरी मागितली, त्यांनी ती लगेच मान्य केली. सरासरी कर्ज २२ कोटी आलं. ६४ वजा २२, म्हणजे भागधारकांचं मूल्य ४२ कोटी. आपल्याकडच्या हळद, बेदाणा, गूळ, साखर अशा कुठल्याही हंगामी धंद्यानं हे एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचावं.

तपासणीत काय निघालं

एप्रिल ते जुलै २०२४ त्यांच्या वकिलांची आणि लेखापालांची तपासणी चालली. किरकोळ मुद्दे शंभरावर निघाले. मोठे तीन.

गावाकडचं दुसरं गोदाम शेतजमिनीवर होतं. सातबारा दोघा भावांच्या नावावर, बिगरशेती परवानगी नाही, कंपनीशी भाडेकरारही नाही. परदेशी हिस्सा असलेल्या कंपनीच्या नावावर ती शेतजमीन करता येत नाही. बिगरशेती करून भाडेकरार करायचा, हा मार्ग ठरला. नदीपासून हे गोदाम किती अंतरावर, किती उंचीवर आहे, हेही त्यांनी विचारलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, हे त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

दुसरा मुद्दा अण्णांच्या अडत दुकानाचा. कंपनीची जवळजवळ निम्मी खरेदी त्या दुकानातून होत होती आणि त्यावरची अडत, म्हणजे दलाली, अण्णांच्या घरी जात होती. यात लपवाछपवी नव्हती, वह्यांत सगळं होतं. पण दर कधी लेखी ठरलेला नव्हता. त्यातच करारात एक कलम होतं की प्रवर्तकांनी, म्हणजे भावांनी, स्वतंत्रपणे हळदीचा व्यापार करायचा नाही. ते जसंच्या तसं मान्य केलं असतं तर वडिलांनी १९७८ मध्ये लावलेली दुकानाची पाटी उतरवावी लागली असती. अण्णा इतके महिने बैठकीत गप्प का बसत होते, ते मला तेव्हा कळलं. त्यांना टक्क्यांची चिंता नव्हती, दुकानाची होती. आणि ती बोलून दाखवली तर 'अण्णा स्वतःचं बघतात' असं होईल, या संकोचात ते होते.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा.

आक्कांचे सहा टक्के

वडील २०१४ मध्ये गेले, आई त्यांच्या आधी. मृत्युपत्र नव्हतं. वडिलांच्या नावावर कंपनीचे १८ टक्के शेअर होते आणि नॉमिनी म्हणून अण्णांचं नाव होतं. संचालक मंडळानं ते अण्णांच्या नावावर चढवले. अण्णांचे आधीचे ४१, बापूंचे ४१. त्यामुळे अण्णा ५९ टक्क्यांचे धनी झाले. दहा वर्षं कुणी काही बोललं नाही.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. वारस हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ठरतात, आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे १८ टक्क्यांचे तीन वाटे, प्रत्येकी सहा. पाहुण्यांच्या वकिलांनी एका ओळीत लिहिलं: बहिणीचा हक्क मिटल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बापूंची पहिली प्रतिक्रिया आपल्याकडे कुठल्याही घरात येते तीच होती. "आक्काकडून हक्कसोड पत्र करून घेऊ. ती नाही म्हणायची नाही." मी त्यांना म्हटलं, ती नाही म्हणणार नाही म्हणूनच तिला आधी सगळं सांगायला हवं. पुढं कुणी म्हणालं की अंधारात ठेवून सही घेतली, तर ते पत्र कोर्टात टिकवणं अवघड जाईल. आणि कोर्ट बाजूला ठेवलं तरी ते बरोबर नव्हतं.

जुलैत एका रविवारी आक्का विश्रामबागच्या घरी आल्या. बापूंनी सगळं सांगितलं, प्लांट, भाव, ५१ टक्के. त्यांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं:

"हे पैसे कंपनीत येणार का घरात?"

खोलीत आम्ही पाच माणसं होतो. पाचही जणांना उत्तर माहीत होतं आणि आठ महिन्यांत कुणी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ५१ टक्क्यांचा प्रस्ताव भावांच्या हातातले शेअर विकण्याचा होता. २१ कोटींच्या आसपास रक्कम भावांना मिळाली असती. कंपनीला त्यातला एक रुपयाही नाही. प्लांटसाठी पुन्हा कर्जच काढावं लागलं असतं, फक्त आता ते भागीदाराच्या बहुमतानं काढलं गेलं असतं. ज्या अडचणीसाठी आपण दार उघडलं ती तशीच राहणार होती.

आक्कांनी आयुष्यभर बँकेत कर्जदारांच्या फायली पाहिल्या होत्या. त्यांनी हक्कसोड पत्र दिलं नाही. आपले सहा टक्के नावावर करून घेतले. अण्णांनी त्याच आठवड्यात हस्तांतरणाच्या कागदांवर सही केली. बहुमत सोडताना ते एक अक्षर बोलले नाहीत, हे मी इथं मुद्दाम लिहितो. नवी विभागणी अशी झाली: अण्णा ४७, बापू ४७, आक्का ६. आता एकट्याचं बहुमत कुणाचंच नव्हतं.

वाटाघाटी आणि निर्णय

ऑगस्टमध्ये कुटुंबानं उलटा प्रस्ताव दिला. शेअर विकणार नाही, नवे शेअर देऊ. पैसे कंपनीत येतील. पाहुण्यांनी आठ दिवस मागितले आणि मान्य केलं, पण रक्कम १८ कोटी सुचवली. ४२ मध्ये १८ मिळवले की ६०, म्हणजे त्यांचे ३० टक्के.

यावर तीन आठवडे गेले. बापूंचा हट्ट होता की १४ कोटीच घ्यायचे, म्हणजे बरोबर २५ टक्के होतात. त्यामागचं गणित चुकीचं नव्हतं. कंपनीच्या काही मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, आणि त्याला बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. भागीदाराकडे पूर्ण २५ असले तरी घराचे ७५ पुरतात. त्याच्याकडे २५ च्या वर एक शेअर जरी गेला तरी तो असा ठराव अडवू शकतो. पण याच मसुद्याच्या शेवटी २७ विषयांची एक यादी होती, ज्यांवर भागीदाराच्या लेखी संमतीशिवाय कंपनीला काहीच करता येणार नव्हतं. टक्के २५ असोत की ३०, ती यादी तशीच लागू होती. तीन आठवडे आम्ही उंबऱ्यावर भांडत होतो आणि मागचं दार सताड उघडं होतं. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं तिसऱ्या आठवड्यात.

मग यादीवर बसलो. २७ चे १२ विषय झाले. नवीन शेअर, मोठं कर्ज, कंपनी विकणं, भावांच्या घरच्या व्यवसायांशी व्यवहार, हे राहिले आणि राहायलाच हवेत. हळद कुणाकडून घ्यायची, सांगलीतली घ्यायची की हिंगोली-निजामाबादची, कामगारांची नेमणूक, हे सगळं निघालं. ३० टक्के मान्य झाले.

उरलेले ७० टक्के घराकडे, हे ऐकायला भक्कम वाटतं. नीट बघितलं तर अण्णा ३२.९, बापू ३२.९, आक्का ४.२. उद्या भावाभावांत फाटलं तर भागीदाराचे ३० ज्याच्या बाजूला पडतील त्याची कंपनी. तीस टक्क्यांचा पाहुणा अशा घरात पंच होऊन बसतो. म्हणून भागीदाराशी सही करण्याआधी तिघांनी आपसात कौटुंबिक करार केला: सर्वसाधारण सभेत ७० टक्क्यांचं मत एकच पडेल, ते तिघांतल्या दोघांच्या मतानं ठरेल, आणि कुणी शेअर विकायचे तर आधी घरात. पूर्ण प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हा होता, आणि त्यासाठी लागले जेमतेम चार दिवस.

अण्णांचं दुकान राहिलं. कंपनीच्या खरेदीतला जास्तीत जास्त एक तृतीयांश माल तिथून, अडतीचा दर यार्डातल्या इतर दुकानांइतका, दर तीन महिन्यांनी लेखापरीक्षकाचा तपास. उरलेले शेअर सूत्रानुसार घ्यायचा हक्क निघाला. भागीदार पाच वर्षं शेअर विकणार नाही, नंतर विकायचे झाले तर आधी कुटुंबाला विचारेल आणि कंपनीच्या स्पर्धकाला विकणार नाही. कंपनीनं इतर ग्राहकांना माल विकायला मुभा राहिली. वाद झालाच तर लवाद मुंबईत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सह्या झाल्या, जानेवारी २०२५ मध्ये पैसे आले. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा एफसी-जीपीआर हा फॉर्म भरायचा असतो, तो भरला. १४ कोटी प्लांटसाठी वेगळ्या खात्यात ठेवले. भांडवल वाढल्यामुळे बँकेनं कॅश क्रेडिट २८ वरून ३६ कोटी केलं. जे वर्षभर मागून मिळत नव्हतं ते महिन्याभरात मिळालं.

पुढं काय झालं

पहिलाच हंगाम खडतर गेला. करारात एक साधी अट तशीच राहिली होती: एका दिवसात १ कोटीच्या वरची खरेदी असेल तर भागीदाराच्या संचालकाची ईमेलवर संमती. मार्च २०२५ मध्ये एका सकाळी अण्णांना सेलम जातीचा मोठा, एकसारखा लॉट मिळत होता. किंमत दीड कोटीच्या आसपास. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, तिकडे पहाटेचे सहा. संमती आली तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले होते आणि माल दुसऱ्यानं उचलला होता. अण्णा त्या दिवशी कारखान्यात आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

भागीदाराकडून कुणी वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. एप्रिलच्या बैठकीत ती अट बदलली. आता जानेवारीतच संचालक मंडळ हंगामाचं एकूण बजेट, भावाचा पट्टा आणि ओलाव्याची मर्यादा ठरवतं. त्या चौकटीत अण्णा कुणालाही न विचारता खरेदी करतात. पट्टा ओलांडायचा असेल तरच फोन.

वाफेचा प्लांट सहा महिने उशिरा, नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. सोडून चाललेल्या तीन ग्राहकांपैकी दोघे थांबले. तिसरा गेला. बापूंची मुलगी आता प्लांटची प्रमुख आणि संचालक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शेअरची वारस नोंद वडील गेल्यावर लगेच, २०१४ मध्येच व्हायला हवी होती. तेव्हा केली असती तर तो घरचा साधा विषय होता. २०२४ मध्ये तो परक्यांच्या वकिलानं काढला, आणि आक्कांना कराडमध्ये बसून कळलं की आपला हक्क कुणाच्या तरी यादीतला अडथळा आहे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. प्रत्येक घरात तो असेल असं धरून चालता येत नाही.

घराला काय हवंय हे प्रस्ताव येण्याआधी ठरलं नाही. बापूंना प्लांट हवा होता, अण्णांना दुकान टिकवायचं होतं आणि थोडी विश्रांती हवी होती. दोघांच्या इच्छा एकमेकांच्या आड येत नव्हत्या, पण त्या एका कागदावर पहिल्यांदा आल्या दहाव्या महिन्यात. सल्लागार म्हणून मी प्रत्येक भावाला वेगवेगळं, एकट्याला भेटून विचारायला हवं होतं. मी दोघांना एकत्र बसवून विचारत राहिलो, आणि आपल्याकडे थोरल्या-धाकट्यांच्या बैठकीत खरं कुणी बोलत नाही.

आणखी एक ग्राहक-भागीदार तरी समोर असायला हवा होता. फंड बाद झाल्यावर आमच्याकडे एकच प्रस्ताव उरला. मार्चमध्ये सहा महिने दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही अशी लेखी अट आम्ही मान्य केली, तीही फार विचार न करता. दीड-दोन महिन्यांची मुदत पुरेशी होती. समोरची माणसं सरळ होती म्हणून निभावलं.

एक कोटीची ती अट मी वाचली होती. रक्कम मोठी वाटली म्हणून पुढं गेलो. भाव दुप्पट झालेल्या वर्षात एक कोटी म्हणजे किती पोती होतात याचा हिशोब तिथंच कागदाच्या कडेला केला असता, तर तो लॉट गेला नसता.

दोन कामं अजून राहिली आहेत. गावाकडच्या गोदामाची बिगरशेती परवानगी मिळालेली नाही, त्यामुळे तिथं कंपनीचा माल ठेवणं बंद आहे आणि भाड्याच्या गोदामाचा खर्च चालू आहे. दुसरं काम यार्डात चालतं. या हंगामात फेब्रुवारीपासून बापूंची मुलगी आठवड्यातून तीन दिवस सौद्याला अण्णांबरोबर उभी राहते. हळकुंड अण्णा मोडतात, आवाज आधी ती ऐकते आणि वहीत आपला अंदाज लिहिते. मग अण्णा त्यांचा सांगतात. दुपारी प्रयोगशाळेतला ओलाव्याचा आकडा त्याच ओळीत तिसऱ्या रकान्यात जातो. मी गेल्या आठवड्यात वही पाहिली. पहिल्या पानावर तिचे दहातले चार बरोबर होते, शेवटच्या पानावर आठ.